मुन्नालालच्या गजावरचं मडकं

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

आजपासून पुन्हा वही. हायस्कुलात एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो, म्हणजे परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे भरले आणि पोरांच्या प्रयोगवह्या सांभाळल्या. त्या वह्यांत प्रत्येक प्रयोगाखाली दोन गोष्टी असत, निरीक्षण आणि अनुमान. निवृत्तीनंतरच्या दोन वर्षांत मी निरीक्षण केलं ते फक्त अन्नपूर्णेच्या स्वयंपाकाचं, आणि त्यावरची माझी अनुमानं तिला आवडली नाहीत.

आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. सौंदडला स्टेशनच्या रस्त्यावर मुन्नालालचं शिलाईचं दुकान आहे. आम्ही पहिलीपासून एका पाटावरचे. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, म्हणून रोज सकाळी जाऊन मी त्याच्या सुया ओवून देतो. दहा हातसुया गादीत खोचायच्या, एक मशीनची. तो गिऱ्हाइकांना सांगतो की हल्लीच्या सुयांची भोकंच बारीक येतात.

भिंतीला त्याचा जुना लाकडी गज टांगलेला असतो. कापड मोजायला आता तो टेप वापरतो, गज नुसता वडिलांची आठवण म्हणून. त्या गजावर कुंभारीण माशी बसलेली दिसली. काळी-पिवळी, कंबर दोऱ्याएवढी. तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन यायची, पायांनी थापायची, परत जायची. दुपारपर्यंत बोराएवढं मडकं तयार. त्याला अगदी घागरीसारखा गळाही काढला होता.

मुन्नालाल म्हणाला, "चार दिवसांची गुणगुण ऐकून राहिलो. मले वाटलं पंखाच खराब झाला."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

मडक्यात काय आहे ते पाहायला दाढीचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन गेलो. कुंभारीण बाहेर गेल्याबरोबर आरसा तोंडाशी धरला. आत छताला बारीक धाग्यानं एक अंडं लोंबत होतं. तांदळाच्या कणीपेक्षा लहान. मी आनंदानं ओरडलोच.

मग ती अळ्या आणू लागली. हिरव्या, धानावरच्या. मेलेल्या नव्हत्या, नुसत्या लुळ्या. एकेक आत कोंबली. मी मोजल्या, सहा. नंतर मडक्याचं तोंड मातीनं बंद करून टाकलं.

मुन्नालाल भजनी मंडळातला. म्हणाला, "आता ते वरून गुणगुणन. गुणगुण ऐकता ऐकता अळीची कुंभारीण होते. भजनातच हाये."

"भजनात असन, प्रयोगवहीत नाई. अंडं हाये आत. अंड्यातून पिल्लू निघन, अळ्या खाईन, अन् एकच कुंभारीण बाहेर येईन."

"सहा अळ्या गेल्या तं सहा निघतीन."

"अंडं मी ह्या डोळ्यानं पाहिलं."

"मी नाई पाहिलं."

"तुले तं मी बी धड दिसत नाई बे!"

हे बोलायला नको होतं. पण माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं, म्हणून पुढचंही बोलून टाकलं. पैज लाव म्हटलं. एक कुंभारीण निघाली तर दिवाळीआधी माझ्यासोबत गोंदियाला येऊन डोळ्याचं ऑपरेशन करायचं. "अजून पिकला नाई" हे दोन वर्षांपासून ऐकतोय. मोतीबिंदू काय सीताफळ आहे का? खरं कारण मला माहीत आहे. त्याच्या वडिलांचा डोळा अशाच एका ऑपरेशननंतर गेला होता, तेव्हापासून ह्याच्या मनात भीती बसली आहे.

मुन्नालालनं मशीनचं चाक हातानं दोनदा फिरवलं. "मंजूर. पण माह्या सहा निघाल्या, तं तू खुशबूच्या घरी जाशीन."

मी हो म्हणालो. सहा निघणं शक्यच नाही.

खुशबू माझी मुलगी. तीन वर्षांपूर्वी गोंदियात तिचं लग्न झालं, मुलाकडच्या पद्धतीनं, होम-हवन करून. माझं एवढंच म्हणणं होतं की लग्न बुद्धवंदनेनं व्हावं, नाहीतर कोर्टात. ती म्हणाली दोन्ही पद्धतींनी करू. विहारातलं राहूनच गेलं. बावीस प्रतिज्ञा मी नुसत्या पाठ केलेल्या नाहीत, पाळलेल्या आहेत. मी गेलो नाही. अन्नपूर्णा एकटी जाऊन आली. खुशबूचा मुलगा आता दोन वर्षांचा आहे म्हणतात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज एक पाहुणी आली. गजावर अशी काही चमक दिसली की मला वाटलं टिकली चिकटली आहे. जवळ गेलो तर माशी. हिरवीगार, धातूसारखी, अंगावर बारीक खड्डे, ठोक्याच्या भांड्यावर असतात तसे. एकसष्ट वर्षांत असा किडा पाहिला नाही, की पाहिला आणि बघितला नाही कोण जाणे.

बंद मडक्यावर ती बराच वेळ मिशा आपटत फिरली. मग एका जागी थांबून तोंडानं माती ओली केली, कुरतडली. पाऊण तास हेच काम. नंतर वळली आणि मागून दुर्बिणीसारखी एकात एक बसलेली नळी बाहेर काढून त्या जागी टेकवली. थोड्या वेळानं पुन्हा तोंडानं माती सारखी केली आणि उडून गेली. पाहिलं तर तिथं फक्त ओला ठिपका.

मुन्नालालनं विचारलं, "का करून राहिली?"

"डागडुजी," मी सांगितलं. "मडक्याले चीर गेली असन. पाणी सोडून लिंपून गेली."

अनुमान: ही कुंभारणीची कोणी नातलग असावी, गवंडीकाम करणारी.

१८ सप्टेंबर, बुधवार

गवंडीण पुन्हा आली, आणि आज मालकीण घरी होती. कुंभारीण शेजारी दुसरं मडकं रचत होती. हिला पाहताच तिनं झडप घातली. हिरवीनं पळण्याऐवजी अंगाची गोळी केली. डोकं आणि पाय पोटाशी घेऊन गोटी. कुंभारीण डंख मारायला जागा शोधते, पण सगळीकडून कवच. शेवटी तिला उचलून खाली टाकलं. गोटी टेबलावर टक्‌ करून पडली, मिनिटभर तशीच राहिली, मग पाय काढून चालू लागली.

डागडुजी करणाऱ्याला मालकीण असं वागवते? माणसांतही असंच चालतं म्हणा. दुसरं मडकं मात्र तिनं अर्धवटच सोडलं.

मोबाइलवर फोटो काढून हेमेंद्र सरांना पाठवला. आमच्या हायस्कुलातले जीवशास्त्राचे सर, आता गोंदियाला असतात. फोटो हलला आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

गज खाली काढून आडवा फळीवर ठेवला. मडक्यावर काचेची बरणी पालथी घातली, कडेनं कापूस लावला, म्हणजे हवा जाईल आणि जो कोणी निघेल तो आतच सापडेल. प्रयोग म्हणजे प्रयोग. गिऱ्हाइकं विचारतात लोणचं कशाचं आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बरणीत काही नाही. मुन्नालाल एक इवलासा सदरा शिवतोय. मला मोरपिशी दोरा ओवायला सांगितला. गिऱ्हाईक कोण म्हणून विचारलं.

"हाये एक. नाप फोनवर भेटला."

फोनवर मापं देण्याची नवी फॅशन दिसते. मग शिवताना चुका झाल्या तर कोणाला बोलणार, असं मी म्हणालो. तो हसला, दोरा तोंडात ओला केला आणि पुन्हा कामाला लागला.

६ ऑक्टोबर, रविवार

काल वाईट झालं. श्यामलाल गुरुजी शिवलेली पॅन्ट घेऊन दुकानात आले आणि सगळ्यांसमोर घालून दाखवली. एक पाय दोन बोटं आखूड. भांडले नाहीत, हेच वाईट. नुसतं म्हणाले, "मुन्नाभाऊ, राहू द्या आता." घडी करून ठेवून गेले.

मुन्नालालनं दुकान दुपारीच बंद केलं. मला म्हणाला, "दिवाळी झाली का मशीन कोनाले तरी देऊन टाकतो."

चाळीस वर्षं त्या मशीनवर बसलेला माणूस मशीन देऊन काय करणार? ओट्यावर बसून लोकांच्या पावलांचे आवाज ओळखणार. मला राग आला, त्याचा नाही, त्या बरणीतल्या मडक्याचा. निघ ना बाई बाहेर एकदाची. लग्नसराईच्या आधी ह्याचा डोळा झाला पाहिजे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी विहारात वंदना झाली. दरवर्षी पांढरं नेसून पहिल्या रांगेत बसायची ती खुशबू. तिला त्रिशरण मी शिकवलं, तेव्हा ती एवढीशी होती, "सरणं"ला "सलनं" म्हणायची. आठवण आली. आली ती आली, वहीत लिहायला काय हरकत आहे.

घरी आलो तर अन्नपूर्णा नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "दाढ आली का रे, दुखते का रे" असं लाडानं विचारत होती. तिची बहीण माझ्यापेक्षा मोठी. ह्या वयात दाढा जातात, येत नाहीत. आणि बहिणीला "रे" कशाला? मला पाहून तिनं फोन ठेवला. बायकांच्या बोलण्यात मी पडत नाही.

आज एकोणतीस दिवस झाले. कुंभारणीला एवढे लागतात का? हेमेंद्र सरांचं उत्तर नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

निघाली.

रविवारी दुकान बंद असतं, पण किल्ली माझ्याकडेही आहे. सकाळी साडेसातला गेलो. बरणीच्या काचेवर ऊन पडलं होतं आणि आत ती फिरत होती. मडक्याला गोल भोक. एकच भोक, एकच माशी.

पण हिरवी.

मी स्टुलावर बसून राहिलो. कुंभारणीनं मडकं केलं, कुंभारणीनं अंडं घातलं, अळ्या तिनं आणल्या, हे सगळं मी पाहिलं. मग ही कुठून आली? मडक्यात वाकून पाहिलं, आत एक तपकिरी कोष आणि काही कातडीचे तुकडे. दुसरं कोणी नाही. इतकी सुंदर वस्तू समोर आणि मी तोंड फिरवलं.

कारण पैज "एक कुंभारीण" अशी होती. ही कुंभारीण नाही. म्हणजे मी हरलो.

आता खरं लिहितो, नाहीतर वही कशाला. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मुन्नाला काळी-पिवळी आणि हिरवी यांतला फरक दिसणार नाही. त्याला बरणीत काहीतरी हलतंय एवढंच दिसेल. एक निघाली म्हटलं की झालं. त्याचा डोळा बरा होईल, मला खुशबूच्या दारात जावं लागणार नाही. ह्यात कोणाचं वाईट आहे?

२१ ऑक्टोबर, सोमवार

मुन्नालालला सांगितलं, "एक निघाली."

रंग सांगितला नाही. म्हणजे खोटं बोललो नाही, असं काल घोकून ठेवलं होतं.

त्यानं बरणी मागितली. तोंडाला पुठ्ठा लावून मी दिली, ती त्यानं डोळ्यांशी नेली नाही, कानाशी धरली. बराच वेळ धरून बसला. मग त्यानं बरणी हळूच फळीवर ठेवली.

"तं मंग जिंकला तू. शुक्रवारी चालू गोंदियाले."

वाद नाही, काही नाही. सहा अळ्या कुठे गेल्या हेही विचारलं नाही. मला वाटलं होतं आठवडाभर तरी हुज्जत घालेल. इवल्या सदऱ्याला बटणं लावत होता, एक बटण एक काज सोडून लागलं. मी सांगितलं नाही.

घरी जेवण गेलं नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

हेमेंद्र सरांचा फोन आला. महिनाभर आजारी होते, फोटो काल पाहिला. म्हणाले, "भोजराज, ही कोकीळ-माशी. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते ना, तशी. स्वतः घर बांधत नाही, शिकार करत नाही. बंद मडक्याची माती ओली करून भोक पाडते, नळीनं अंडं सोडते, भोक लिंपून टाकते. तिचं पिल्लू कुंभारणीच्या पिल्लाला खाऊन वाढतं."

रंग कशाचा म्हणून विचारलं. म्हणाले, तिच्या अंगात हिरवा रंग नसतोच. कवचाची ठेवण अशी की त्यावरून परतणारा उजेड हिरवा दिसतो. म्हणून मेल्यावरही वर्षानुवर्षं फिकी पडत नाही.

फोन ठेवून मी सतरा सप्टेंबरचं पान काढलं. ओली केली, कुरतडली, नळी टेकवली, लिंपली. सगळं जसंच्या तसं मी लिहून ठेवलं आहे. आणि खाली काय, तर डागडुजी! चोर घरात शिरताना पाहिला आणि त्याला गवंडी म्हणून चहा विचारायचा तेवढा राहिला. निरीक्षण बरोबर, अनुमान चूक. पोरांच्या वहीत असं असलं की सर लाल शाईनं गोल करायचे.

आणखी एक गोल करायचा राहिला आहे. एकतीस वर्षांत कोणत्याही पोराला मी आकडा बदलू दिला नाही. "आलं ते लिही," एवढंच सांगायचो.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी सुया ओवल्या नाहीत. आधी सांगितलं. "मुन्ना, ते कुंभारीण नोहती. हिरवी होती, तेच, डागडुजीवाली. मी हारलो."

तो म्हणाला, "मालूम हाये."

"कसं?"

"कुंभारणीचा आवाज ढोलकीवानी भरीव राहते. ही तं सुईवानी बारीक वाजून राहिली होती. चाळीस वर्षं ह्या दुकानात आयकतो बे मी."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तू सांगशीन म्हणून थांबलो."

रडू आलं, ते आलं. मी म्हटलं, पैज तर मोडली, आता तू ऑपरेशनला नाही म्हणशील. त्यानं सुया गादीसकट माझ्यापुढे सरकवल्या.

"तू म्हनला एक कुंभारीण, मी म्हनलो सहा. निघाली किती? एक बी नाई. तू बी हारला, मी बी हारलो. दोघंबी भरू."

हिशेब इतका सरळ होता की मला चूक काढता आली नाही. फक्त एक मनातलं विचारलं. त्या कुंभारणीचं काय? तिनं घर बांधलं, शिकार केली, दार लावलं, आणि तिच्या घरातून भलतंच कोणी निघालं. तिला कसं वाटत असेल?

मुन्नालाल म्हणाला, "ते कायले पाहाले येते? माती लावली अन् गेली. बसून पाहाते तो फक्त तू."

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. गोंदिया

हिरवी काल मेली. साखरपाणी ठेवलं होतं, पण बरणी तिची जागा नव्हतीच. आधीच सोडायला हवी होती, दाखवण्याच्या हौसेनं ठेवली. परीक्षानळीत घालून सोबत घेतली. रंग तसाच आहे.

सकाळच्या गाडीनं दोघं आलो. अन्नपूर्णेनं डबा रात्रीच करून ठेवला होता, आणि चार माणसांचा. मी म्हटलं, आम्ही दोघंच आहोत. ती म्हणाली, असू द्या.

मुन्नालालला दवाखान्यात दाखवलं, तपासण्या झाल्या, ऑपरेशन उद्या. मग तो म्हणाला, "चाल आता, तुही पाळी."

त्याला दिसत नाही, तरी गल्ली त्यानंच सांगितली. डावीकडे पिठाची गिरणी, मग हँडपंप. तुला कसं माहीत, म्हणून विचारलं तर म्हणाला फोनवर समजते. आज माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नागपूरच्या बहिणीला दाढ येत नसते.

दार खुशबूनं उघडलं. अंगानं भरली आहे. माझ्याकडे पाहिलं, मुन्नालालकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बाबा, चपला आत घ्या. कुत्रं नेते."

एवढंच. जसा मी काल येऊन गेलो होतो.

मुन्नालालनं पिशवीतून मोरपिशी सदरा काढला. पोराला घातला तर माप बरोबर, बटण एक खाली. पोराचं नाव गुलशन. तो सदरा घालून थेट माझ्या मांडीवर येऊन बसला, ओळख ना पाळख. त्याच्या डोक्याला तेलाचा वास होता. तोच, घरचा.

बैठकीत देव्हारा आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो. माझं मत बदललेलं नाही, पण पोराला उठवावंसंही वाटलं नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार. गोंदिया

मुन्नालालची पट्टी निघाली. घाबरून त्यानं माझं मनगट इतकं दाबलं होतं की वळ आहे. डॉक्टर म्हणाले, छान झालं, जवळचं पाहायला चष्मा लागेल, तो महिन्यानं. म्हणजे महिनाभर सुया मीच ओवणार. मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

खुशबूच्या घरी येताच त्यानं आधी सदरा पाहिला. "अरे यार, काज चुकलं! काढ, काढ, उसवून देतो." खुशबू म्हणाली, "राहू द्या काका, तसाच राहू द्या." मग त्यानं परीक्षानळी मागितली, खिडकीशी हात लांब करून उजेडात धरली.

"भोज्या, तू तं हिरवी म्हनला होता. मांगून निळी हाये हे! थोडी जांभळी बी."

मी पाहिलं. खरंच निळी होती. दीड महिना मी ती हिरवी म्हणून लिहितोय, आणि ह्यानं एका डोळ्यानं एका मिनिटात चूक काढली.

गुलशननं नळीला हात घातला. "आबा, का हाये?"

मी सुरुवातीपासून सांगायला लागलो. एक कुंभारीण होती, ती मुन्ना आबांच्या गजावर माती घेऊन आली. मडकं, गळा, लोंबणारं अंडं, सहा अळ्या, मग ही चमकणारी, आणि तिची गोटी. गोटीशी आल्यावर तो स्वतः जमिनीवर गोटी होऊन पडला. पुन्हा सांग म्हणाला. पुन्हा सांगितलं.

खुशबू स्वयंपाकघराच्या दारात केव्हाची उभी होती. हात पिठाचे.

"बाबा, मले हे कधी नाई सांगितलं तुम्ही."

मी म्हणालो, "मलेच परवा समजलं."